पायच चिखलाले विचारते

जुलै उलटत आला की गोंदियाकडच्या सौंदड गावच्या बांध्यांमध्ये रोवणी भरात येते. महामार्गावरून रायपूर-नागपूरचे ट्रक धडधडत जात असतात आणि रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर दहा-बारा बाया कमरेत वाकून उलट पावली मागे सरकत असतात. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी. डावा अंगठा तिच्यातली दोन-तीन रोपं पुढे सारतो, उजव्या हाताची बोटं ती उचलून चिखलात खुपसतात, आणि बोटं बाहेर येता येता चिखल रोपाभोवती आपला आपण मिटतो. लगेच पुढचं रोप. दिवसभर हेच. बसच्या खिडकीतून पाहणाऱ्याला वाटतं, काय हे एकसुरी काम!

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून तासभर नीट पाहिलं तर वेगळंच दिसतं. हात एकदा गुडघ्याच्या आतून जातो, एकदा बाहेरून. कुठे चिखल लोण्यासारखा असतो, कुठे मागच्या सालचं धसकट बोटाला लागतं, कुठे पाणी वीतभर जास्त असतं. मागे पडणारा पाय कधी टाचेवर उतरतो, कधी चवड्यावर, कधी अर्धवट टेकून परत उचलला जातो. एक पाऊल दुसऱ्यासारखं नसतं. तरीही रोपांची ओळ मात्र शेवटपर्यंत सरळ जाते.

मी एकदा एका वयस्कर बाईंना विचारलं होतं की मागे न पाहता पाय कुठे टाकायचा हे कळतं कसं. त्या न थांबता म्हणाल्या, “पायच चिखलाले विचारते बाबू, मी कायी नाई सांगत.”

पुढे हालचालींच्या शास्त्राबद्दल वाचायला लागलो तेव्हा हे वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. कारण जवळजवळ हेच, समीकरणांच्या भाषेत, शंभरेक वर्षांपूर्वी मॉस्कोतल्या एका माणसाने मांडलं होतं.

त्याचं नाव निकोलाय बर्नस्टाइन, जन्म १८९६. १९२० च्या दशकात तो मॉस्कोच्या मध्यवर्ती श्रमसंस्थेत काम करत होता. नवं सोव्हिएत राज्य कारखाने उभारत होतं आणि संस्थेचं स्वप्न मोठं होतं. निष्णात कामगार छिन्नीवर हातोडा कसा मारतो ते मोजायचं, त्यातली सर्वांत उत्तम हालचाल शोधायची आणि तीच लाखो नवशिक्यांच्या अंगवळणी पाडायची. एक उत्तम हालचाल, सगळ्यांना सारखी.

बर्नस्टाइनने कामगाराच्या खांद्यावर, कोपरावर, मनगटावर आणि हातोड्यावर इवलेसे दिवे बांधले. कॅमेऱ्यासमोर फिरती झडप लावली. त्यामुळे प्रत्येक दिव्याची वाट ठिपक्या-ठिपक्यांनी फिल्मवर उमटली. अपेक्षा अशी की आयुष्यभर हातोडा मारलेल्या माणसाच्या या वाटा एकमेकींवर तंतोतंत बसतील, छापखान्यातून निघालेल्या प्रतींसारख्या.

तसं झालं नाही. हातोड्याचं टोक दर खेपेला जवळपास त्याच जागी येत होतं, पण खांदा, कोपर आणि मनगट यांच्या वाटा दर घावाला बदलत होत्या. खांदा थोडा जास्त गेला तर कोपर तेवढं कमी जायचं, कोपराची कसर मनगट भरून काढायचं. सांधे एकमेकांना सांभाळून घेत होते. नेम अचूक राहत होता तो या बदलांमुळेच.

इथे क्षणभर थांबून ही गोष्ट किती विलक्षण आहे ते पाहायला हवं. आपल्याला सहसा वाटतं की सराव म्हणजे मेंदूत एक टेप भरून ठेवणं आणि गरज पडली की ती वाजवणं. मेंदूत अशी टेप असती तर अनुभवी कामगाराचे सांधे दर वेळी तीच वाट चालले असते. ते तर दर घावाला नवा हिशेब मांडत होते. बर्नस्टाइनने सरावाची व्याख्या केली ती ‘पुनरावृत्तीविना पुनरावृत्ती’ अशी. शरीर पुन्हा पुन्हा करतं ते उत्तर शोधण्याचं काम. ठरलेलं उत्तर घोकणं म्हणजे सराव नव्हे.

शरीराला एवढी मोकळीक मिळते कुठून, हे तुम्हाला आत्ता जागेवर पाहता येईल. भिंतीसमोर उभे राहा. एक हात पुढे करून तळवा भिंतीला सपाट टेकवा, कोपर किंचित वाकलेलं असू द्या. आता तळवा हलवायचा नाही, खांदा हलवायचा नाही. कोपर तेवढं खाली-वर फिरवून पाहा. फिरतं! तळवा जागचा हललेला नाही, तरी हात वेगवेगळ्या अवस्थांत जाऊन येतो. एखादी वस्तू अवकाशात हव्या त्या जागी, हव्या त्या कलात ठेवायला सहा स्वतंत्र हालचाली पुरतात. आपल्या हाताकडे सात आहेत: खांद्याच्या तीन, कोपराची एक, पालथं-उताणं करण्याची एक आणि मनगटाच्या दोन. त्या एका जास्तीच्या हालचालीमुळे पाण्याचा पेला उचलण्याच्या वाटा अगणित होतात. आणि हा हिशेब फक्त सांध्यांचा झाला. त्याखाली स्नायू, स्नायूंखाली त्यांचे तंतू, आणि खाली कंबर व पाय. बर्नस्टाइनच्या दृष्टीने या साऱ्या पसाऱ्याला आवर घालणं हाच हालचालीतला मूळ प्रश्न होता. त्याच्यानंतर आलेल्यांनी त्यात भर घातली की हा पसारा ओझं तर आहेच, पण ती श्रीमंतीही आहे. एक वाट बंद झाली की दुसरी मोकळी असते.

बर्नस्टाइनचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. १९४७ साली त्याचं हालचालींच्या रचनेवरचं मोठं पुस्तक आलं, त्याला स्टालिन पारितोषिकही मिळालं. पण पाव्हलॉव्हच्या प्रतिक्षिप्त क्रियांच्या सिद्धान्ताशी त्याचं पटत नव्हतं, आणि त्या काळी तिथे पाव्हलॉव्हशी मतभेद असणं महागात पडायचं. दोन-तीन वर्षांतच त्याचं प्रयोगशाळेतलं काम बंद पडलं. १९६६ साली तो वारला आणि त्याच्या लेखांचं इंग्रजी पुस्तक दुसऱ्या वर्षी निघालं. बाहेरच्या जगाला तो कळला तो मेल्यावर.

उत्तर दर वेळी नव्याने शोधलं जातं, आणि शोधणारं शरीर दर माणसाचं निराळं. हाडांची लांबी वेगळी, जुनी दुखणी वेगळी, लहानपणी चढलेली झाडं वेगळी. म्हणून तर संध्याकाळी वीज गेलेली असताना धुऱ्यावरून कोण येतंय हे गावात चेहरा दिसण्याआधी कळतं. १९७७ साली अमेरिकेत कटिंग आणि कोझलोव्स्की या दोघांनी हे तपासून पाहिलं. एकमेकांच्या ओळखीच्या तरुणांना चालायला लावलं, सांध्यांवरच्या ठिपक्यांखेरीज पडद्यावर काही दिसणार नाही अशी व्यवस्था केली, आणि त्या हलत्या ठिपक्यांवरून मित्रांनी मित्रांना ओळखलं. दर वेळी नाही, पण नुसत्या अंदाजाने जमलं असतं त्यापेक्षा बरंच जास्त.

मग शिकवायचं कसं? पहिलं उत्तर आपल्या अंगणातच आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा ते एकोणीस महिन्यांच्या, मोकळेपणी खेळणाऱ्या बाळांची पावलं मोजली आणि २०१२ साली आकडे छापले. सरासरी तासाला २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं! आणि ही पावलं सरळ रेषेत मुळीच नसतात. बाळ वळतं, मागे येतं, थबकतं, आडवं सरकतं, चटईवरून फरशीवर येतं, हातात वाटी घेऊन चालतं. त्याला कुणी ‘हेच पाऊल दहा वेळा टाक’ म्हणून सांगत नाही. तरी जगातला सगळ्यात अवघड तोलाचा खेळ ते काही महिन्यांत शिकतं.

१९७८ साली कर आणि बूथ यांनी केलेला एक साधा प्रयोग मला फार आवडतो. आठ वर्षांच्या मुलांना दाण्यांनी भरलेल्या छोट्या पिशव्या जमिनीवरच्या लक्ष्यावर फेकायला दिल्या. काही मुलांनी सगळा सराव तीन फुटांवरून केला. बाकीच्यांनी कधी दोन फुटांवरून, कधी चार फुटांवरून. तीन फुटांवरून एकदाही नाही. शेवटी परीक्षा घेतली तीन फुटांवरून, आणि सरस ठरली ती त्या अंतरावरून कधीच न फेकलेली मुलं. नंतर इतरांनी असे प्रयोग केले तेव्हा सगळीकडे इतका स्पष्ट निकाल आला नाही, हेही खरं. पण त्याच सुमाराला, १९७९ मध्ये, शी आणि मॉर्गन यांना आणखी एक धागा सापडला. तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवताना एका गटाकडून आधी पहिली, मग दुसरी, मग तिसरी अशी ओळीने घोटून घेतली, दुसऱ्या गटाला तिन्ही आलटून पालटून दिल्या. शिकताना पहिला गट वरचढ होता. काही दिवस मध्ये जाऊ देऊन परत पाहिलं, तर आलटून पालटून शिकलेले पुढे.

शिकवणाऱ्याची खरी परीक्षा इथे लागते असं मला वाटतं. वैविध्याचा सराव करताना माणूस चुकतो, अडखळतो, त्याला वाटतं आपल्याला जमत नाही. एकसुरी सरावात लगेच हुरूप येतो. आजचा हुरूप की महिन्याभरानंतरची पकड, हे निवडायला धीर लागतो, आणि तो धीर शिकणाऱ्याला कुणीतरी द्यावा लागतो. जर्मनीतल्या वोल्फगांग शेलहॉर्न यांनी तर पुढची पायरी गाठली. त्यांच्या पद्धतीत खेळाडू एकच फेक किंवा उडी लागोपाठ दोनदा सारखी करतच नाही, आणि त्याची चूकही कुणी सुधारत नाही. ही पद्धत किती खेळांत, किती प्रमाणात लागू पडते यावर अजून वाद चालू आहे आणि तो चालायला हवाच. नवशिक्याला अती वैविध्य दिलं तर तो गांगरून जातो हा अनुभव कुठल्याही आखाड्यातल्या वस्तादाला असतो.

दुखण्याचा विषय काढला की या सगळ्याला वेगळीच धार येते. रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे संध्याकाळी घरोघरी कंबर शेकली जाते. दुखणारी कंबर माणूस जपतो, एकाच पद्धतीने वाकतो, एकाच पद्धतीने उठतो. त्या दिवसापुरतं ते शहाणपणाचं असतं. पण डेन्मार्कमध्ये मांस कापण्याचं काम करणाऱ्या कामगारांच्या हालचाली मोजल्या तेव्हा असं दिसलं की ज्यांच्या मानेखांद्यात दुखणं होतं त्यांच्या हालचालींतलं वैविध्य न दुखणाऱ्यांपेक्षा कमी होतं. दुखण्याने वैविध्य आटलं की आटलेल्या वैविध्याने दुखणं आलं, हे एवढ्यावरून ठरत नाही. तरी एकाच ठिकाणावर पुन्हा पुन्हा भार पडला तर काय होतं, हे बैलाच्या मानेवरचा घट्टा पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात पासष्टीपुढच्या माणसांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारा, निरनिराळ्या प्रकारांचा व्यायाम करायला सांगितलं आहे. पडू नये म्हणून! म्हाताऱ्या माणसाचा पाय अडखळतो तो ओल्या न्हाणीत, उंबरठ्यावर, धुऱ्याच्या ओबडधोबड कडेवर. सपाट व्हरांड्यातल्या शंभर फेऱ्या त्याला या जागांसाठी तयार करत नाहीत.

महाराष्ट्रात या विचाराची कामं पूर्वीपासून झालेली आहेत, फक्त त्यांच्यावर ही पाटी नव्हती. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा अशी साधनं योगासनांत आणली. आसनाचं नाव एकच, पण कुणी ते भिंतीला पाठ लावून करतो, कुणी ठोकळ्यावर हात ठेवून, कुणी दोराला लोंबकळून. आसन माणसाच्या मापाने शिवायचं, ही शिंप्याची नजर त्यांच्याकडे होती.

आणि मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे हे जवान सैन्याच्या ईएमई दलात होते आणि मुष्टियोद्धा म्हणून नाव कमावत होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक मणक्यात रुतली आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. मुष्टियुद्धाची दोन मूळ हत्यारं म्हणजे जमिनीवर रोवलेले पाय आणि त्यांच्यातून वर चढणारा जोर. तीच गेली. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहायला सांगण्यात आलं. पाण्यात वजन उतरतं, पाय ओढत आणायचे नसतात, आणि खांदा-छाती-पाठ यांना संपूर्ण देह पुढे नेण्याचा नवा हिशेब मांडावा लागतो. ज्या खांद्यांनी ठोसे मारले त्यांनी पाणी मागे लोटायला घेतलं. १९६८ मध्ये ते तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक, त्यांच्या गटातला विश्वविक्रम. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. त्याच स्पर्धेत ते भालाफेकीत आणि चाकाच्या खुर्चीच्या स्लॅलममध्येही उतरले होते. पोहणं, रॅकेट, भाला, खुर्ची: एका जखमी शरीराने किती वाटा धुंडाळल्या! पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं.

माझ्या मामाला लकवा मारला तेव्हा हे सगळं मला घरात, अगदी खाटेशेजारी पाहायला मिळालं. उजवा हात गेला होता. दवाखान्यातून सुट्टी होताना व्यायामाचा एक छापील कागद हाती आला होता, तोच सगळ्यांना मिळणारा: मूठ उघड-मीट दहा वेळा, कोपर वाक-सरळ दहा वेळा, तीन फेऱ्या. मामा तो कागद इमानेइतबारे पाळायचा. हात कोपरात वाकायला लागला, मूठही मिटायला लागली, पण जेवताना तो उजवा हात मांडीवर तसाच पडून राहायचा. डाव्यानेच भागत होतं.

शरीराच्या या सवयीचाही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या एडवर्ड टॉब यांनी माकडांवरच्या कामातून दाखवलं की बिघडलेला अवयव सुरुवातीला साथ देत नाही म्हणून प्राणी तो वापरणं सोडतो, आणि पुढे त्यात जीव आला तरी न वापरण्याची सवय सुटत नाही. त्यावरून त्यांनी उपचार बसवला. चांगल्या हाताला दिवसाचा बराच वेळ जाड मोजा घालून ठेवायचा आणि दुबळ्या हाताकडून दोन आठवडे, रोज कित्येक तास, त्या माणसाच्या कुवतीप्रमाणे जराजरा कठीण होत जाणारी कामं करून घ्यायची. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या उपचारांपेक्षा याचा गुण जास्त आला. हाताला थोडी तरी हालचाल उरलेली असेल तरच हे जमतं, आणि कुणावर करायचं ते तज्ज्ञानेच ठरवायचं.

मामाकडे येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मोजा बांधला नाही. त्यांनी आधी विचारलं, आजारपणाआधी सकाळी उठल्यावर तुम्ही पहिल्यांदा हातात काय घेत होता? मामा म्हणाला, लोटा. मग लोटाच आणवला. पहिल्या दिवशी रिकामा, दुसऱ्या दिवशी तळाशी मूठभर तांदूळ. एकदा मांडीवरून उचलायचा, एकदा स्टुलावरून, एकदा जमिनीवरून. खाटेवर बसून, मग ओट्यावर बसून, मग दाराला टेकून उभं राहून. पितळी लोट्यानंतर स्टीलचा निसरडा पेला, नंतर कानाचा कप. उचलणं रोज शंभरेकदा व्हायचं. दुखावलेल्या मेंदूला पुनरावृत्ती भरपूर लागते, त्यात बाईंनी काटकसर केली नाही. फक्त लागोपाठ दोनदा तेच होऊ दिलं नाही. मामा वैतागायचा. काल जमलं ते आज का जमत नाही म्हणून लोटा आपटायचा. बाई शांतपणे तो उचलून दुसरीकडे ठेवायच्या.

एका गोष्टीवर त्यांचं फार बारीक लक्ष असायचं. हात उचलताना मामा सगळं धड पुढे झुकवायचा. ते दिसलं की त्या खांद्यावर हलकेच हात ठेवून थांबवायच्या, कारण धड झुकवून काम भागलं की कोपर कष्ट घेत नाही. पण मनगट जरा वाकडं वळलं तर तिकडे त्या काणाडोळा करायच्या. कुठली आडवाट पुढे नेते आणि कुठली तिथेच अडकवून ठेवते, हे त्या दर क्षणी ठरवत होत्या. छापील कागदाला हे येणं शक्य नव्हतं. आमच्यासारख्या बऱ्याच गावांत असा जाणता माणूस आठवड्यातून एकदाही पोहोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गोंदिया किंवा साकोली गाठायची म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाची दिवसाची मजुरी बुडते, आणि रोवणीच्या हंगामात तर कुणी निघतच नाही.

दिवाळीच्या आसपास, धान कापणीला आलेलं असताना, एका सकाळी मामा ओट्यावर बसला होता. शेजारी पाण्याचा लोटा होता, कुणी व्यायामासाठी ठेवलेला नव्हता. समोर रस्त्यावरून कुणाची तरी बैलजोडी चालली होती आणि मामाचं सगळं ध्यान त्या बैलांकडे. उजवा हात उठला. खांदा थोडा वर, कोपर बरंच बाहेर, मनगट आत वळलेलं. लकव्याआधी मामा असा कधी पाणी प्यायला नव्हता आणि बाईंनीही ही वाट शिकवलेली नव्हती. लोटा ओठांना लागला, थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. बैल वळणाआड जाईपर्यंत त्याने दोन घोट घेतले, मग लोटा त्याच हाताने खाली ठेवला आणि मामीला हाक मारून विचारलं, ही जोडी कुणाची गं?